नाल्यातील वाहतुकीचे नियम

१८ जुलै १९५९, शनिवार, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे. सभा तीनची होती. वीस मिनिटांचा उशीर झाला तो अध्यक्षांची जीप चिखलात रुतल्यामुळे. इतिवृत्तात याचा उल्लेख नाही. मी भिंतीजवळ उभा होतो. शेजारी लाकडी चौकटीवर नकाशा ताणून लावला होता आणि माझ्या हातात वेताची छडी होती. एखाद्या सभासदाने जागेचे नाव घेतले की त्या जागेवर छडी टेकवायची, एवढेच माझे काम. बोलणे त्यात येत नव्हते. माझे वय तेव्हा बावीस होते.

हे आज आठवण्याचे कारण साधे आहे. आषाढ संपत आला आहे. नेहरू नगरातल्या आमच्या घरासमोर घोटाभर पाणी साचले आहे आणि हमरस्त्यावरची गर्दी टाळून आत शिरलेले ट्रक ते पाणी कापत जातात. प्रत्येक ट्रकमागे एक लाट उठते, फाटकाखालून अंगणात येते आणि तुळशीच्या ओट्याला लागून परत जाते. काल सूनबाईंनी हिंदी वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवली. शहराच्या सभेत ट्रकांच्या वेळांवर दुपारभर चर्चा झाली; पाणी साचण्याचा विषय वेळेअभावी पुढच्या बैठकीकडे ढकलला. सूनबाईंना हसू आले. मला आले नाही. त्या लोकांना मी दोष देत नाही. अशा एका खोलीत मी उभा राहिलेलो आहे.

त्या वर्षी पाऊस जूनमध्ये आला आणि थांबायचे विसरला. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता; ते तेव्हा धड गाव नव्हते, धड शहरही नव्हते. सेक्टर दहामध्ये मी पुढे सव्वीस वर्षे राहिलो. तो सेक्टर त्या वेळी कागदावरच्या काही समांतर रेषा होता. उघड्या माळावर लोखंडी सांगाडे उभे होते, त्यांच्या पायाशी तांबड्या मुरमाचे ढीग होते आणि ढिगांमधून ट्रक फिरत होते. ट्रक कधीच थांबत नसत. गिट्टी म्हणजे खडी, वाळू, सिमेंट, सळया. रात्री डोळे मिटले तरी गिअर बदलल्याचा आवाज कानात येई. उन्हाळ्यात सगळ्या वस्तूंवर तांबडी धूळ बसे. पावसाळ्यात त्याच धुळीचा रबडा होई आणि चपलांचे अंगठे तोडी. ओल्या मुरमाला एक वास असतो, लोखंडाच्या जवळ जाणारा. अजून येतो कधीतरी, कोणी पाया खणत असले म्हणजे.

मी ट्रेसर होतो. इंजिनियराने पेन्सिलीने काढलेला नकाशा खाली ठेवायचा, त्यावर मेणचट निळसर कापड ताणायचे आणि काळ्या शाईने रेघ न रेघ उतरवायची. या कापडाचा शत्रू एकच, पाणी. घामाचा थेंब जरी पडला तरी तिथे पांढरा डाग उठे आणि तो जात नसे. म्हणून आम्ही मनगटाखाली घडी केलेला टॉवेल ठेवीत असू. त्या जुलैत हवा इतकी दमट होती की कापड आपोआप सैल पडे आणि शाई तासभर वाळत नसे. पाण्यापासून नकाशे वाचवणे हेच आमच्या खोलीतले अर्धे काम होऊन बसले होते. बाहेर पाणी काय करते आहे, हे पाहायला आम्ही फारसे जात नव्हतो.

आता चुकीविषयी.

कुरुद गावाच्या बाजूची तळी भरली की त्यांचे जादा पाणी एका नाल्याने खाली येते. पावसाळ्यात पाच फूट पाणी, थंडीत धार, उन्हाळ्यात कोरडी वाळू. त्या उन्हाळ्यात गिट्टीच्या ट्रकवाल्यांच्या ध्यानात आले की भोवतालच्या भुसभुशीत माळापेक्षा नाल्याचा तळ घट्ट आहे, सपाट आहे आणि सरळ कामाच्या ठिकाणाकडे जातो. त्यांनी तोच रस्ता धरला. मे महिन्यात सर्व्हेअर आला. परमुलखातला होता. भर दुपारी, डोक्याला ओला पंचा बांधून त्याने मोजणी केली. त्याला चाकोऱ्या दिसल्या, धूळ दिसली, दोन्ही बाजूंना रांगेत उभी असलेली झाडे दिसली. त्याने आपल्या वहीत लिहिले: ट्रकांचा कच्चा रस्ता, रुंदी अठरा फूट, दुतर्फा झाडी. ती वही माझ्याकडे आली. मी दोन समांतर रेघा ओढल्या आणि दुतर्फा चौदा झाडे काढली.

चौदाही झाडे अर्जुनाची होती, हे मला ठाऊक होते. मी सायकलवरून त्यांच्या सावलीतून गेलो होतो. माझे वडील डोंगरगडला रेल्वेत गार्ड होते. माझे बालपण त्या लाइनवर गेले. अर्जुनाचे झाड कुठे वाढते हे तिथल्या कोणत्याही गुराख्याला विचारावे. ते पाण्याच्या काठी वाढते. ही गोष्ट मला माहीत होती आणि नकाशा काढताना ती माझ्या डोक्यात आली नाही. वहीत रस्ता लिहिला होता, मी रस्ता काढला. कोपऱ्यात माझी आद्याक्षरे घातली.

त्या नकाशावरून नवा पक्का रस्ता आखला गेला. पुरुषभर उंचीचा मुरमाचा भराव घालून तो नाल्यावरून आडवा नेला. नाला आडवा आला असता तर रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी मोरी बांधावी लागली असती. पण नकाशात नाला नव्हता. नकाशात एका रस्त्याला दुसरा रस्ता छेदत होता. दोन रस्ते छेदतात तिथे मोरी लागत नाही. तिथे चौक होतो.

सभेपुढच्या दुसऱ्या विषयाचे नाव होते ‘नवीन चौकातील जड वाहनांचे नियमन’. ‘वस्तीत शिरणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त’ हा विषय चौथा होता.

समिती सात जणांची होती. वसाहतीचे रस्ते, दिवे, बाजार यांवर सल्ला देण्यासाठी नेमलेली. तिला ठराव करता येत असे, फावडे चालवता येत नसे. अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते, साठीचे, पांढरा कोट घालणारे, कमी बोलणारे. त्यांच्या उजवीकडे गिट्टीच्या ठेकेदाराचा प्रतिनिधी बसे आणि डावीकडे जवळच्या गावचे एक वृद्ध जमीनदार, ज्यांना सगळे दाऊजी म्हणत. उरलेले चौघे बहुधा मान हलवीत.

सभेच्या खोलीबाहेर व्हरांड्यात बायजाबाई बसली होती. साकोलीकडची बाई. तिचा मुलगा लहानू कारखान्याच्या बांधकामावर खलाशी होता, म्हणजे जड सामान दोरांनी चढवणाऱ्यांतला. मायलेक आणि सून नाल्याकाठच्या तट्ट्यांच्या झोपड्यांत राहत. अशा चाळीस झोपड्या होत्या, बहुतेक भंडाऱ्याकडच्या लोकांच्या. बायजाबाई आम्हा पाच-सहा मराठी पोरांना दुपारची भाकर करून घाली. आम्ही तिला मावशी म्हणत असू. सून कौसल्या पाच दिवसांची बाळंतीण होती. मुलगा झाला होता. त्या दिवशी त्याची पाचवी होती.

ती बारापासून बसून होती. डोक्यावर गोणपाटाची खोळ, तिच्यातून पाणी गळत होते. मी नकाशाची चौकट घेऊन आत जाऊ लागलो तशी तिने मला अडवले.

“बाबू, मले आत जाऊ दे. दोन गोष्टी सांगाच्या हायेत साहेबाले, मंग जातो मी.”

मी म्हणालो की सभा आहे, बोलावल्याशिवाय आत जाता येत नाही.

“कावून? सभा हाये का लगन? आवतन लागते?”

व्हरांड्यातले दोन चपराशी हसले. मी हसलो नाही, कारण मला घाई होती. मी तिला सांगितले की पाण्याचा विषय चौथा आहे, तो निघाला की मी स्वतः बाहेर येऊन तिला नेईन. ती म्हणाली की सकाळी तिने दारापुढे एक काडी रोवली होती, पाणी कुठवर येते ते पाहायला. निघाली तेव्हा काडी दिसत नव्हती. मग तिने विचारले, चौथा म्हणजे किती वेळ. मी म्हणालो, लवकरच.

पहिला विषय पाच मिनिटांत संपला. दुसऱ्याला आरंभ झाला आणि मी छडी चौकावर टेकवली.

ती चर्चा मला अजून क्रमाने आठवते. चौकात चारही बाजूंनी ट्रक येणार, तेव्हा आधी कोणी थांबायचे? भरलेल्याने की रिकाम्याने? मध्ये शिपायासाठी ओटा बांधायचा की नाही? बांधायचा तर विटांचा की लाकडी? ठेकेदाराच्या प्रतिनिधीचे म्हणणे पडले की ओट्याने रुंदी खाल्ली जाईल. एका सभासदाने ओट्यावर छत्री असावी असे सुचवले, कारण शिपाई भिजेल. शिपाई भिजेल, यावर सगळ्यांचे एकमत झाले. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की ही वाक्ये त्यांना ओरडून बोलावी लागत होती.

 मग दाऊजींनी मला हातानेच बाजूला व्हायला सांगितले, उठून नकाशाजवळ आले आणि त्या दोन रेघांवर बोट ठेवले. ते आपल्या छत्तिसगढी वळणाच्या हिंदीत जे बोलले त्याचा अर्थ असा होता: हा आमचा नाला आहे. आठ महिने झोपतो. तुमच्या माणसाने त्याला झोपलेला पाहिला. आता तो उठून बसला आहे. चौथा विषय आधी घ्या.

अध्यक्षांनी चष्मा काढला. विषयपत्रिकेचा क्रम बदलायचा तर आदल्या दिवशी लेखी सूचना हवी, असे ते म्हणाले. त्यांचा आवाज कठोर नव्हता. ते नियम सांगत होते. मग ते माझ्याकडे वळले आणि चौकाच्या पूर्व-पश्चिम बाजू दाखवायला सांगितल्या.

मी छडी उचलली नाही. मी म्हणालो, “साहेब, पूर्व-पश्चिम रस्ता नाही. नाला आहे. आत्ता त्यात पाच फूट पाणी आहे.”

“हा नकाशा कोणी उतरवला?”

“मी.”

“मग चूक तेव्हा केलीत, की आता करता आहात?”

“तेव्हा.”

 एवढे सांगायला मला चार आठवडे लागले होते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात नाल्यातून पहिले पाणी वाहिले तेव्हाच मला कळले होते. मी मुख्य आरेखकांना सांगितले. त्यांनी वही मागवली, वहीत रस्ता होता, ते म्हणाले की आपण वहीप्रमाणे काढतो. ते खरे होते. मी ते खरे मानून घेतले.

ठेकेदाराचा प्रतिनिधी मोठ्याने हसला आणि मग एकदम थांबला. मला वाटते, त्याच्या ध्यानात आले. तो रस्ता नाही असे ठरले तर सगळा उन्हाळा त्याने विनापरवाना नाल्यातून ट्रक हाकले असे झाले असते. शिवाय भरावाच्या पलीकडे, खालच्या अंगाला, नाल्याच्या कोरड्या पात्रात त्याने आंध्राकडून आणलेल्या मजुरांच्या झोपड्या बसवल्या होत्या. रस्त्याच्या कडेची जागा म्हणून. तो म्हणाला की नकाशावर अधिकाऱ्यांची सही आहे आणि ट्रेसरच्या तोंडी सांगण्यावरून सही पुसत नसते.

तेही खरे होते. त्या दिवशी त्या खोलीत खोटे कोणीच बोलले नाही.

शेवटी असे ठरले. नकाशा दुरुस्त करायचा तर पुन्हा मोजणी हवी. मोजणी पावसाळ्यानंतरच होऊ शकते. तोवर मंजूर नकाशा ग्राह्य. भराव फोडायचा तर बांधकाम विभागाचा हुकूम हवा. त्या विभागाचे मुख्य अधिकारी सोमवारी परत येणार होते, आणि भट्टीच्या पायात काँक्रीट ओतणे चालू होते, ते एकदा सुरू झाले की गिट्टीचा पुरवठा खंडित करता येत नाही. समितीने शिफारसपत्र पाठवावे. वाहतुकीबाबतचा ठराव मात्र समितीच्या हातातला होता, म्हणून तो झाला: पूर्व-पश्चिम रस्त्यावर जड वाहनांनी ताशी दहा मैलांहून अधिक वेगाने जाऊ नये. तशी पाटी लावावी.

ती पाटी लागली. ऑगस्टमध्ये मी ती पाहिली. अर्जुनाच्या एका खोडाला खिळ्यांनी ठोकलेली, खाली गढूळ पाणी वेगाने वाहत होते. किती वेगाने, ते मी मोजले नाही.

सूनबाई विचारतात, तुम्ही इतकी वर्षे मतदान करता, अर्ज करता, मग सभांना का जात नाही.  उत्तर लांब आहे. माणसे वाईट असती तर सोपे होते. अध्यक्ष वाईट नव्हते. सभा संपल्यावर ते पावसात व्हरांड्याच्या पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी बायजाबाईचे सगळे ऐकून घेतले, कोट भिजेपर्यंत. ती म्हणाली की रोड फोडा, नाही तर पाणी खाटेला लागते. ओली बाळंतीण आहे, आज पाचवी आहे, बारा दिवस तिला उंबऱ्याबाहेर काढता येत नाही, काढली आणि वारा लागला तर दोघांचे काय होईल. अध्यक्षांनी हात जोडले. म्हणाले, बाई, हे माझ्या हातात नाही.

बायजाबाईने थोडा विचार केला.

“मंग कोनाच्या हातात हाये थे सांगा. मी तिकडं जातो.”

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरोखर पत्ता हवा होता. अध्यक्षांनी हात उचलला, पण त्या दिशेला कोणतीच इमारत नव्हती. सांगाडे होते आणि पाऊस होता. हात त्यांनी खाली घेतला.

मी तिच्याबरोबर गेलो. मला कोणी जायला सांगितले नव्हते.  लवकरच, असे मी म्हणालो होतो, त्याला अडीच तास झाले होते.

झोपड्यांपाशी पोहोचलो तेव्हा पावणेसहा झाले असतील. नाला वाहत नव्हता. भरावाला अडून तळ्यासारखा उभा होता आणि काठावर सरकत होता. पाणी असे हळू चढते तेव्हा आवाज होत नाही. लोक सामान बाहेर काढीत होते, तेही शांतपणे. झोपडीत कौसल्या खाटेवर होती. खाटेच्या पायांखाली विटा होत्या, विटांवर आणखी विटा, आणि सर्वांत वरच्या विटेला पाणी लागले होते. खाटेखाली शेकासाठी निखाऱ्यांचे मडके ठेवतात. ते आता जागा नसल्याने तिने पायांशी धरले होते. पाचवीच्या पूजेसाठी मांडलेला पाटा कोपऱ्यात बुडाला होता. मूल झोपले होते. कौसल्येचे वय सतरा-अठरा. तिने सासूकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पदर पुढे ओढला. 

लहानू बाहेर भरावावर उभा होता. पाळीवरून थेट आला होता. त्याच्याबरोबर सहा जण होते आणि प्रत्येकाच्या हातात सब्बल होती, काँक्रीट फोडायची जाड लोखंडी पहार. मला पाहताच तो उतरून आला.

“बाबू, तुले लेव्हल मालूम हाये. मले फक्त जागा दाखव. कुठं फोडू?”

जागा मला माहीत होती. त्या भरावाचा सर्वांत सखल बिंदू मी स्वतः शाईने लिहिला होता. तिथे सात माणसांनी अर्धा तास घाव घातले असते तर उरलेले काम पाण्यानेच केले असते. चाळीस झोपड्या वाचल्या असत्या. कौसल्येला उंबऱ्याबाहेर पाय टाकावा लागला नसता.

मी त्याला हाताला धरून भरावाच्या दुसऱ्या कडेला नेले आणि खाली दाखवले. नाल्याच्या कोरड्या पात्रात आंध्राकडच्या मजुरांच्या झोपड्या होत्या. चाळिसांपेक्षा जास्त. चुली पेटल्या होत्या, छपरांतून धूर निघत होता. एक म्हातारा खाटेची नवार आवळत बसला होता. वर काय साचले आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. त्यांच्या दृष्टीने त्यांच्या मागे एक उंच रस्ता होता आणि तो त्यांना वारा-पावसापासून आडोसा देत होता.

“यांले उठवून सांगू न,” लहानू म्हणाला.

मी विचारले, तुला त्यांची भाषा येते का. त्याला येत नव्हती. मलाही येत नव्हती. दोघेही खाली उतरलो, हातवारे केले, पाणी दाखवले. त्यांनी आमच्याकडे पाहिले. आमच्या मागे भरावावर सब्बला घेतलेली सहा माणसे उभी होती. खालचे पाच-सात पुरुष उठले आणि त्यांनी लाकडे हातात घेतली. त्यांना वाटले आम्ही त्यांच्या झोपड्या हटवायला आलो आहोत. तसे येणारे लोक त्यांनी पाहिले असणार.

लहानू वर आला. त्याने एकदा खाली पाहिले आणि सब्बल मुरमावर आडवी ठेवली. बाकीच्यांनीही आपापल्या ठेवल्या.

या जागेवर माझी स्मृती नेहमी थांबते. मी पुष्कळदा हिशोब केला आहे: कोणी काय करायला हवे होते. सर्व्हेअरने झाडे ओळखायला हवी होती. मी ओळखायला हवी होती. मुख्य आरेखकांनी वही मागवण्याऐवजी पावसात बाहेर यायला हवे होते. अध्यक्षांनी नियम मोडायला हवा होता. पण सहा वाजता त्या भरावावर, वर चाळीस घरे आणि खाली त्याहून जास्त, अशा जागी उभे राहून काय करायला हवे होते, ते मला आजही सुचत नाही. मी इंजिनियर म्हणून निवृत्त झालो. रात्रीच्या वर्गांत शिकून परीक्षा दिल्या, मोऱ्या बांधल्या, पूल बांधले. त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही परीक्षेत आले नाही.

पुढचे आधी सांगून टाकतो. खालची वस्ती त्या रात्री वाहून गेली नाही. भराव टिकला, कारण तो चांगला बांधला होता. वरच्या चाळीस झोपड्या गेल्या. मंगळवारी हुकूम आला, खालच्या लोकांना त्यांच्या मुकादमाने हलवले, आणि भराव फोडला. लोक तोवर भरावावरच राहिले, कारण कोरडी अशी तेवढीच जागा उरली होती. ट्रक दोन्ही बाजूंना उभे होते. डिसेंबरात नवी मोजणी झाली. नवा नकाशा मीच उतरवला आणि पुढच्या उन्हाळ्यात तीन नळांची मोरी बसली. ती आहे अजून. मुलाविषयी मात्र मला सांगता येत नाही. बुधवारी लहानूने आई, बायको आणि मूल यांना गोंदियाच्या पॅसेंजरमध्ये बसवले. तेव्हा मुलाला ताप होता. लहानू काही महिन्यांनी काम सोडून गेला. जाताना भेटला. मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. विचारायला हवे होते.

शनिवारच्या संध्याकाळचे एवढेच राहिले.

कौसल्येला खाटेसकट उचलले. चौघांनी चार पाय धरले. वर गोणपाट ताणले, ते मी आणि आणखी एकाने धरले. बायजाबाई निखाऱ्यांचे मडके पदराखाली घेऊन पुढे चालली. भरावावर चढलो तेव्हा समोरून गिट्टीचे ट्रक येत होते. पहिल्या ट्रकच्या सरदारजीने खाट पाहिली, गाडी रस्त्यात आडवी घातली आणि इंजिन बंद केले. मागचे भोंगे वाजवू लागले. तो खाली उतरला, मागे गेला, आणि भोंगे एकामागून एक बंद झाले. केबिनमध्ये बसवा, कोरडी आहे, असे त्याने सांगितले. बायजाबाई म्हणाली की हादऱ्याने टाका उसवेल, आम्ही पायीच जातो, पण तुझी आई जगो. सगळी रांग उभी राहिली तोवर आम्ही पार झालो.

कुठे जायचे ते ठरले नव्हते. मी म्हणालो, आमच्या कार्यालयात. त्याची एक किल्ली माझ्याकडे असे, कारण सकाळी पहिला मी येई. शनिवारी संध्याकाळी तिथे कोणी नसे. दार अरुंद होते, खाट आत जाईना. बायजाबाईने मूल घेतले, लहानूने बायकोला उचलून आत आणले. फरशीतून पाणी पाझरत होते. खोलीत कोरडे असे एकच होते, माझे टेबल, सात फूट लांब आणि चार फूट रुंद. त्यावर अर्धवट उतरवलेले कापड ताणलेले होते. मी टाचण्या काढल्या आणि ते गुंडाळून कपाटावर टाकले. भिजलेल्या हातांनी. बायजाबाईने गोधडी अंथरली आणि सुनेला बसवले. गोधडी सावकाश खाली सरकू लागली.

“कलतं हाये, बाबू. पोरगं घरंगळंन.”

आरेखनाचे टेबल उतरतेच असते. मी पक्कड शोधली. मागच्या दोन पायांचे पेच गंजले होते. ते सैल केले, फळी खाली घेतली, सपाट केली, आणि पेच पुन्हा आवळले.